नितीनचं ‘व्हय’

३० डिसें. येळवस, वेळ अमावास्या.
पहाटेपासून भज्जी, उंडे, आंबील. दुपारी सगळे शेतात. यंदा नितीनला रजा मिळाली. कंपनीतले मल्लिनाथ आणि त्यांची बायको महानंदा, दोघांनाही घेऊन आला. मुरूमची माणसं, घरात कानडी. आंबील शिंपडताना मल्लिनाथनी ‘ओलगे’ अशी आरोळी दिली की पलीकडच्या शेतातून जबाब आला.
जेवताना मीच विचारलं, नेमकं काम काय करता? नितीन नेहमी टाळतो. मल्लिनाथ म्हणाले, "बाई, आमी चाचणीसाठी माळावर बुजगावणी उभी करतो. वरून उडत्या यंत्रांचा थवा येतो, तुमच्या लेकाला विचारतो आन् पाडतो. ह्यो सावलीत बसून लढाई करतो, आमी उन्हात मरतो. पगार मातर ह्याला जास्त."
नितीन हसला. म्हणाला, "यंत्रच शोधतं, यंत्रच नेम धरतं. माणसानं फक्त हो म्हणायचं."
मग माणूस कशाला?
"अजून लागतो, आई."
तो ‘अजून’ आवडला नाही. पण सणाचा दिवस. आंबील वाढली.

९ जाने.
सायंकाळी विलासचा फोन. माझा भाऊच, पण धंद्यानं वकील, तसाच बोलला. "अक्का, आधी बस. नितीन धड आहे." म्हणजे कुणीतरी धड नाही. मल्लिनाथ. वाऱ्यानं पडलेलं बुजगावणं उभं करायला माळावर गेले होते. चाचणी थांबवली आहे असं त्यांना वाटलं. यंत्रानं त्यांच्यावरच नेम धरला. सरावाचं यंत्र, आत दारू नव्हती. पण वजन आणि वेग. डोक्याला. सोलापूरला दाखल.
नितीनचा फोन बंद.

११ जाने.
सोलापूर. मल्लिनाथ बेशुद्ध. नितीन बाकावर. दाढी वाढलेली, अंगावर परवाचाच शर्ट. म्हटलं, जेव. जेवला नाही.
महानंदा माझ्या शेजारी बसून होती. मला बाईच म्हणते. "बाई, शुद्धीवर आले की आधी पाणी मागतील, नव्हं?" व्हय म्हटलं. दुसरं काय.

१३ जाने. भोगी.
मल्लिनाथ गेले. दुपारी मुरूमला. लिंगायतांत बसवून पुरतात. मान राहीना. दोघांनी धरली. नितीन त्या दोघांत जाऊ पाहत होता, महानंदाच्या भावानं बाजूला केलं. शिवी दिली नाही. नुसतं बाजूला केलं.

१४ जाने.
संक्रांत केली नाही. बायका वाणाला आल्या, दारातूनच परत पाठवल्या. उद्या बोलतील. बोलोत.

१९ जाने.
नितीन जळकोटला, घरी. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही असं सांगितलंय. दिवसभर माळवदावर. खाली आला की हात धुतो.
आज तुकड्या-तुकड्यांनी कळलं. कानाला यंत्र लावून दोघं बोलतात, हा आणि लातूरचा जोडीदार. नियमानं ‘कन्फर्म’ म्हणायचं. पण दोघंही मराठवाड्याचे, हळूहळू आपल्या बोलीतच बोलू लागले. जोडीदार म्हणाला, "चार नंबर दिसतंय, धरलंय, देऊ?" हा म्हणाला, "व्हय." जोडीदारानं कळ दाबली.
एवढंच. एवढ्यात माणूस.

२५ जाने.
विलास आला. चेहरा उजळ. चौकशीला बसलेले सगळे बाहेरचे, मराठी कुणालाच येत नाही. त्यांना ‘व्हय’चा अर्थ हवाय. विलासनं सांगितलं, आमच्याकडं ‘व्हय’ म्हणजे हो असंच न्हाय. समोरचा बोलत असला की आम्ही व्हय, व्हय करतो. ऐकतोय एवढाच अर्थ, परवानगी न्हाय. ते म्हणाले, त्याच्या बोलण्याची सवय ठाऊक असलेलं घरचं माणूस आणा, त्या वेळची ध्वनिफीत ऐकवू, म्हणणं लिहून घेऊ.
"आन् तू तर मराठीची बाई. जन्म हायस्कुलात गेला. तुझ्या एका वाक्यानं पोरगं सुटतंय, अक्का."
मी म्हटलं, कंपनी इतकी सरळ कशी?
"त्यांनाही तेच पायजे. नवीन यंत्रात ही भानगडच न्हाय. माणसाला विचारायचंच न्हाय. माणसाच्या बोलण्यावर भरवसा ठेवता येत नाही, हे त्यांना वर सरकारला दाखवायचंय. सगळ्यांचंच भागतंय."
सगळ्यांचं. मल्लिनाथ धरून?
त्याला चहा दिला. साखर घालायची राहिली. तसाच प्यायला.

२६ जाने.
झेंड्याला गेले, सवयीनं. शाळेतल्या पोरांनी कागदाची विमानं उडवली. लवकर परतले.

२८ जाने.
विलासनं ध्वनिफीत मिळवली. स्वयंपाकघरात ऐकवली. वाऱ्याचा आवाज, मग जोडीदार, मग नितीन.
"ऐकलंस? नुसता हुंकार."
पुन्हा लाव म्हटलं. लावली. नितीन ऐकत असतो तेव्हा ‘व्हय’ लांबवतो, शेवटाला खाली सोडतो, अर्धं लक्ष दुसरीकडं असल्यासारखं. लहानपणापासून. पण दळण आणतोस का, जेवतोस का, असं विचारलं की तोडून टाकतो, एका झटक्यात.
हे तोडलेलं होतं.
विलासला कळलं नाही. कुणालाच कळणार नाही. त्याला म्हटलं, भाकरी गरम आहे, बस.

३१ जाने.
मुरूमला गेले, एकटी. महानंदानं बसायला घोंगडं टाकलं. कपाळ मोकळं. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. विचारलं, "बाई, तुमच्या नितीनला पडद्यावर दिसत असंल की. ह्यांनी वर बघितलं होतं का? भ्याले होते का?"
विचारून सांगते म्हटलं.

१ फेब्रु.
विचारलं. नितीन हात धूत राहिला. मग म्हणाला, वर बघितलं नव्हतं. हात पसरून बुजगावण्याची बाही नीट करत होते. पडद्यावर दोन बुजगावणी दिसत होती.
"दोन का, असं वाटलं न्हाय तुला?"
"यंत्र कधी चुकलं नव्हतं, आई. आमी दिवसभर व्हयच म्हणायचो. बघायचं सुटलं होतं."
रागावायचं होतं. त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाडं लागली.

२ फेब्रु.
महानंदाला फोन केला. भ्याले नव्हते म्हणून सांगितलं. "बरं झालं," म्हणाली.

४ फेब्रु.
झोप नाही. हुंकार होता असं मी म्हणाले, तर माझा मुलगा सुटतो आणि पुढच्या लढाईत हो-नाही म्हणायला कुणी उरत नाही. हो होतं म्हणाले, तर यंत्राच्या बाजूला माणूस राहील कदाचित, आणि तो माणूस कसा असतो हे दाखवायला माझा मुलगा. पुढच्या लढाया मला कशाला? मला मुलगा एकच आहे.
महानंदालाही नवरा एकच होता.

६ फेब्रु.
आज सोलापूरला म्हणणं घेणार. विलास दोनदा फोनवर: "काय सांगणार ते आधी मला सांग." तिथंच सांगीन म्हटलं. चिडला.
नितीन अंघोळ करून, दाढी करून तयार. इतक्या दिवसांनी. वाटलं, आता म्हणेल वाचव. किंवा म्हणेल खरं सांग. दोन्हीची तयारी करून बसले होते.
म्हणाला, "आई, मी रात्रंदिवस आठवून बघतोय. नुसतं ऐकत होतो, की हो म्हणालो, मलाच कळत न्हाय. तू माझा आवाज वळखतीस. तू सांगशील तेच मी म्हणालो असंन."
मग माझी पिशवी उचलून गाडीत ठेवायला गेला.