रिकाम्या गटातलं सुवर्ण

मी, आश्लेषा सौमित्र मोघे, वय सत्तेचाळीस, मूळची नागपूरची, हल्ली राहणार अर्विंग, टेक्सास, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. पुढच्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डोकं शाबूत आहे. मला फक्त वीट आला आहे, आणि तो आजार नव्हे.

१. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक पती सौमित्र याला मिळावी. माणूस वाईट नाही, म्हणून घर देते. बाकीचं खाली येईलच.

२. वुशू या चिनी युद्धकलेत मी भारताची विजेती होते. माझा प्रकार सरळ तलवारीचा. त्यात समोरासमोर लढत नसते. प्रत्येकीने आपला क्रम एकटीने करून दाखवायचा आणि पंचांनी गुण द्यायचे. पण आपल्याला कोणी मागे टाकलं ते डोळ्यांनी दिसतं. मणिपूरच्या मुलींनी मला वर्षानुवर्षं धूळ चारली, तेव्हा कुठे मी एकदा पहिली आले. पुढे परदेशी स्पर्धेला निघालो, तर फिजिओच्या जागी एका पदाधिकाऱ्याची सून विमानात बसली. त्या स्पर्धेत उडी मारून खाली येताना माझा गुडघा गेला, तेव्हा बाईसाहेब खरेदीला गेल्या होत्या. संघटनेने दिलेल्या ब्लेझरचं पायपुसणं करावं.

३. अर्विंगमधल्या आमच्या वुशू वर्गाचा हॉल आणि चटया वर्गातले भागीदार विवेक यांच्याकडे राहाव्यात. पाटीवरून माझं नाव आणि फोटो मात्र त्याच दिवशी उतरवावा. विवेक मुलांना शिकवत नाहीत, त्यांच्यासाठी रिकामे गट शोधतात. इथल्या स्पर्धांत वय, पातळी आणि शस्त्र धरून इतके गट पाडतात की काहींत एकच नाव येतं. नोंदणी बंद होताहोता विवेक आपली मुलं तिथे सरकवतात. पोरगं एकटंच उतरतं, एकटंच जिंकतं, आणि कॉलेजच्या अर्जात 'चॅम्पियन' लिहितं. मला याची किळस येते. एका वडिलांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "मॅडम, गोल्ड इज गोल्ड ना."

४. माझी पदकं भंगारात द्यावीत.

५. माझी तलवार. माझी लेक सावनी, वय सोळा, वर्षभर एकाच मुलीला हरवायला घाम गाळत होती. ह्यूस्टनची ग्रेस लिऊ, त्यांच्या वयोगटात सगळ्यांत सरस. मागच्या स्पर्धेत सौमित्र आणि विवेक यांनी परस्पर सावनीचा गट बदलला. तिचं नाव पुकारलं, ती उतरली, आणि तिच्या आधी कोणी नव्हतं, नंतरही नाही. एक पंच सँडविच खात होता. सुवर्णपदक मिळालं. परतताना गाडीत तिने विचारलं, "बाबा, हू डिड आय बीट?" सौमित्र म्हणाला, ॲडमिशनला उपयोगी पडेल. नवऱ्याची इतकी शिसारी मला संसारात कधी आली नव्हती. तेव्हापासून सावनीने तलवारीला हात लावलेला नाही.

म्हणून ही तलवार मी सावनीला देत नाही. ती ग्रेस लिऊ हिला द्यावी. त्या दिवशी ग्रेस आमच्या बाजूला येऊन सावनीला शोधत होती. गट बदलल्याचं कळलं तेव्हा तिचा चेहरा पडला. या देशात माझ्या मुलीशी टक्कर घ्यावीशी वाटलेली ती एकटीच.

सावनीला तलवार हवी असेल, तर तिने ग्रेसच्या गटात नाव घालावं, तिच्याहून जास्त गुण मिळवावेत आणि तिच्या हातून घ्यावी. त्यासाठी कितीही वेळा हरावं लागो. मी शस्त्रक्रियेतून उठले तरी हे कलम बदलणार नाही.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मैत्रीण प्रीता गद्रे हिने पाहावी. सौमित्रला साक्षीदार केलेलं नाही; ते कायद्यातही बसत नाही आणि माझ्या मनातही.

ग्रेसशी मी तिच्या आईसमोर बोलले आहे. तिला अट मान्य आहे. तिचा निरोप सावनीला तिच्याच शब्दांत वाचून दाखवावा: "टेल हर टू साइन अप. आय वोन्ट गो इझी."

सही: आश्लेषा सौमित्र मोघे
साक्षीदार: सुशांत बापट, शुभा केळकर
अर्विंग, टेक्सास, ७ मार्च २०२५