पारावर उचललेला भंडारा

१९ एप्रिल, शनिवार

पोचले एकदाची! भिगवण स्टेशनवर उतरले तेव्हा कपड्यांची एक बॅग आणि पुस्तकांच्या दोन. त्या उचलताना रिक्षावाल्यानं विचारलं, ताई, पुस्तकांचं दुकान टाकताय का. म्हटलं, नाही हो, लोकांच्या पुस्तकांना नावं ठेवायला आलेय, माझं पोट त्याच्यावरच चालतं. तो इतका मनापासून हसला की पुणं सोडल्याचं मला एकदम बरं वाटलं.

बानूबाईंचं घर उजनीच्या पाण्याच्या काठाला. बारामतीच्या माधवीनं, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीनं, शोधून दिलं. स्लॅबचं, निळ्या ऑइलपेंटचं घर, एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला पाणी. हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना ते खोली देतात, उन्हाळ्यात इकडं काळं कुत्रं फिरकत नाही. मला तेच हवं होतं. एका मासिकाच्या खास अंकासाठी ढीगभर कादंबऱ्या वाचून परीक्षणं द्यायचीत. निम्म्या ऐतिहासिक, आणि निम्म्या माझ्या लाडक्या, गोडगोड खुनाच्या. गाव लहान, माणसं प्रेमळ, रक्ताचा थेंब दिसत नाही, आणि शेवटी चहा पिता पिता खुनी सापडतो. लोक मला हसतात. हसोत बापडे.

जेवायला चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी. बानूबाई पन्नाशीच्या, तोंडानं फटकळ, हातानं सढळ. नवरा मासळी घेऊन बाजाराला गेलेला असतो, तो फारसा दिसतच नाही. घरात असतात ते सासरे, दत्तोबा. सगळे त्यांना तात्या म्हणतात. दिवसभर ओट्यावरच्या बाजेवर बसून पाण्याकडे बघतात. मला आवडले.

२२ एप्रिल, मंगळवार

बस्तान बसलं. सकाळी वाचन, दुपारी लेखन, उन्हं उतरली की पाण्यावरचे रोहित पक्षी. तात्यांना माझ्या कामाचं भारी नवल. पुस्तक वाचायचं आणि ते कसं होतं ते सांगायचं, एवढ्याचं कुणी पैसं देतं? मी त्यांना रोज एक गोष्ट सांगते. मधे मधे डुलक्या घेतात, पण शेवटी डोळे उघडून एकच विचारतात, खुनी घावला का. म्हटलं, तात्या, असल्या पुस्तकांत घावतोच. “बरं हाय,” म्हणाले.

माझी एक जुनी खोड आहे. शेवटचं प्रकरण उघडण्याआधी पुस्तक मिटायचं, खुनी कोण ते फोनवर बोलून व्हिडिओ टाकायचा, आणि मगच पुढं वाचायचं. वाचकांना हा खेळ फार आवडतो. मी सहसा चुकत नाही. हे काही फुशारकीनं लिहीत नाही. (फुशारकीनंच लिहितेय.)

२४ एप्रिल, गुरुवार

आजचं पुस्तक हातातून सुटेना. धरणाचं पाणी आलं त्या साली बुडालेल्या खारवड गावाची कादंबरी. शेवटची बिऱ्हाडं होडीनं हलवली जातात, त्या दिवशी भामा नावाची पोर नाहीशी होते. ती दुसऱ्या फेरीत गेली असेल असं प्रत्येकाला वाटतं. कुणी म्हणतं पाय घसरला, कुणी म्हणतं पळून गेली. लेखकानं सगळं छान रचलंय. होडीवाल्याला नावच दिलेलं नाही, त्याला नुसतं होडीवाला म्हटलंय. एका ओळीत येऊन जातं की शेवटच्या फेरीनंतर होडी आतून कोरडी होती आणि होडीवाला मात्र मानेपर्यंत भिजलेला. एवढं वाचलं आणि मी मनात म्हटलं, सापडलास.

बानूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, आमी खारवडचंच की! पाणी खाली गेलं की गावचं बिरोबाचं देऊळ उघडं पडतं, दर उन्हाळ्यात जाऊन भंडारा, देवाची हळद, वाहतात. उद्या चला म्हणाल्या. असं भाग्य किती परीक्षकांना लाभतं?

२५ एप्रिल, शुक्रवार

सुरेख दिवस. गाळपेराच्या, म्हणजे पाणी हटलेल्या गाळात लावलेल्या काकड्यांच्या वाफ्यांतून वाट काढत गेलो. चिखल वाळून भेगाळलेला, त्यात शिंपले. देवळाचं शिखर पडलंय, गाभारा आणि पुढचा दगडी पार शाबूत. बानूबाईंनी देवाला भंडारा वाहिला, चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवला आणि स्वतः वाटी घेऊन पाणी आणायला काठाला गेल्या.

अशी जागा परत कधी मिळणार? फोन दगडाला टेकवून लावला, पारावर बसले आणि भंडाऱ्याची मूठ वर करून झोकात बोलले, की भंडारा उचलून सांगते, भामाला होडीवाल्यानंच बुडवलं.

मागं वळले तर बानूबाई उभ्या. चेहरा पांढराफटक. वाटी हातातून पडलेली. ती न उचलताच त्या घराकडे चालू लागल्या. देवाची थट्टा केली असं वाटलं असेल. उद्या माफी मागते.

२७ एप्रिल, रविवार

माफी मागितली. बानूबाईंनी भाकरी थापता थापता हं केलं.

दुपारी एक चमत्कारिक गोष्ट. रणरणतं ऊन, ओट्याच्या फरशीवर पाय ठेववत नाही, आणि त्या फरशीवर ओले डाग. मांडी घालून माणूस बसला की उमटेल तसे, एका ओळीत, जणू पंगत बसून उठलीय. बानूबाईंनी फडकं आणून पुसले. गाळाचा वास येत होता. तात्या बाजेवर झोपले होते.

२९ एप्रिल, मंगळवार

डाग रोज दुपारी उमटतात. रोज बाजेच्या जरा जवळ. तात्यांना खोकला लागलाय. आज पिकदाणीत गढूळ पाणी पडलं, त्यात बारीक शिंपला होता. डॉक्टर येऊन गेला, छाती साफ आहे म्हणाला.

मी बानूबाईंना धरून बसवलं आणि काय ते सांगा म्हटलं. त्यांनी सांगितलं. खारवडची गावकी बिरोबाच्या पारावर बसायची. पारावर भंडारा उचलून कुणावर आळ घेतला की गाव तो खरा मानायचं आणि त्या माणसाला नदीत बुडवायचं. म्हणून कुणी उगाच उचलत नसे. उचलणारा चुकला असेल तर त्यानंच परत पारावर येऊन, भंडारा खाली ठेवून, चुकलं म्हणायचं. मग गाव दोघांनाही सोडायचं. पण ठेवणं एकदाच. आणि ठेवताना जो खोटं बोलेल, त्याला गाव सोडत नसे.

मी म्हटलं, पण गाव आता आहे कुठं? सगळ्यांना नव्या जागा मिळाल्या ना?

“जित्यांचं पुनर्वसन झालं, ताई. मेल्याली तितंच हायती. आमच्यात पुरत्यात. समदं मसणवट पान्याखाली गेलं, कोन उचलून आननार त्यास्नी?”

मग हळूच म्हणाल्या, पुस्तकातली ती भामा खरंच गावची पोर होती, आणि खारवडला होडी एकच होती. ती तात्यांची.

३० एप्रिल, बुधवार

व्हिडिओ काढून टाकला. त्यानं काय होणार! दुपारी ओट्याच्या दारातून पाहिलं. पाहायला नको होतं. माणसं बसलेली होती. पाठमोरी, बाजेभोवती. पटक्यांतून, पदरांतून पाणी गळत होतं आणि आवाज अजिबात नव्हता. तात्या जागे होते, त्यांच्याकडे बघत होते. मी किंचाळले तेव्हा फक्त डाग उरले.

मला इतकी लाज वाटतेय. एका म्हाताऱ्या माणसाच्या जिवाशी मी खेळ केला, आणि कशासाठी, तर वाचकांनी वा म्हणावं म्हणून.

१ मे, गुरुवार

शेवटचं प्रकरण वाचलं. लेखकाच्या मते खुनी धरणावरचा कारकून. होडीवाला निर्दोष, शेवटी सगळे त्याच्या गळ्यात पडून रडतात.

पटलं नाही. खोटं कशाला लिहू? कारकून आधीच्या प्रकरणांत कुठंच नाही, त्याला शेवटी ओढून आणलाय. ओल्या होडीवाल्याचं उत्तरच दिलेलं नाही. दुसरं कुठलं पुस्तक असतं तर मी इथं लेखकाची सालटी काढली असती.

पण बाजेवरचे तात्या बघते आणि वाटतं, लेखकाचंच खरं असू दे. बानूबाई पाया पडल्या माझ्या. पन्नाशीची बाई. म्हणाल्या, “तुमी उचललाय, तुमीच खाली ठेवा. माज्या बापावानी हायती ते.” तात्यांना विचारू का म्हटलं. मेल्यागत पडलेल्या माणसाला असलं विचारायचं व्हय, म्हणाल्या. मलाही धीर नव्हता.

३ मे, शनिवार

ठेवला. पारावर गेले, भंडारा दगडावर ठेवला आणि मोठ्यानं बोलले, की माझं चुकलं, होडीवाल्यानं काही केलं नाही. आजवर एवढी परीक्षणं केली, मनात एक आणि तोंडात एक असं हे पहिलंच. वारा पडलेला होता. काही झालं नाही.

दुपारी ओटा कोरडा ठणठणीत! तात्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. बानूबाईंनी माझी दृष्ट काढली. मी खोलीत जाऊन पोटभर रडले.

५ मे, सोमवार

तात्यांनी बाजेजवळ बोलावलं. बानूबाई उसात गेलेल्या.

म्हणाले, तुमी त्या दिवशी पारावर पयल्यांदा काय बोलला, ते बानूनं सांगितलं मला. ते खरं हाय.

मला वाटलं तापात बरळतायत. ताप नव्हता. शांतपणे सांगत होते. शेवटच्या फेरीला भामा एकटीच होडीत होती. माझ्यासंगं चल, लगीन करू, म्हणाले. ती हसली. नुसती हसली. त्यांनी वल्हं मारलं. मग काढायला उडी घेतली, पण हाताला वेणीच लागली, ती पण सुटली. आईबाप तिला आधीच नव्हते. चुलत्यानं दोन दिवस हाका मारल्या आणि मग पाणी चढलं.

एवढी वर्षं कुणीतरी नाव घ्यायची वाट बघत होते. स्वतःच्या तोंडानं घ्यायची छाती झाली नाही. “गाव आलं, तवा बरं वाटलं बघा. न्यायला आल्याली मानसं तुमी माघारी धाडली.” माझ्यावर रागावले नव्हते. उलट माझी कीव करत होते.

मी पुन्हा जाऊन खरं सांगते म्हटलं. त्यांनी मान हलवली. ठेवणं एकदाच.

६ मे, मंगळवार

तात्या गेले. सकाळी, झोपेत. तोंड कोरडं, चेहरा साधा. पाण्याच्या काठाला, शेताच्या कडेला पुरलं. मी मूठभर माती टाकली.

बानूबाईंना काही सांगितलं नाही. काय सांगू?

आता ते तिकडं पोचले असतील. गाव विचारेल. ते सांगतील. एवढ्या वर्षांचं ओझं, सांगतीलच. मग गावाला कळेल, पारावर भंडारा ठेवताना कोण खोटं—

७ मे

खोलीत. माझ्या खोलीत डाग. पलंगाभोवती. भर दुपारी.

बॅगा तशाच टाकून निघाले. बानूबाई ओट्यावर उभ्या होत्या. डाग त्यांनी पाहिले होते. खरं काय ते त्यांना कळलं, माझ्या तोंडावरून कळलं. पदर तोंडात धरला आणि तोंड फिरवलं.

बारामती. माधवीचा फ्लॅट, तिसरा मजला. धरण मागं राहिलं. इथं नळाला सुद्धा दिवसाआड पाणी—

घशात काहीतरी कचकचतंय.

८ मे

माधवी कामावर. टाइल्सवर डाग. लिफ्टपासून दारापर्यंत, दारापासून इथपर्यंत.

थुंकले. गाळ. शिंपला.

लिहीत राहिलं तर बरं वाटतं. लिहीत राहते. परीक्षणं राहिली सगळी. संपादकांचा फोन वाजतोय, उचलवत नाही. हात ओले, फोन निसटतो—

आलेत. या वेळी पाठमोरे नाहीत. माझ्याकडे तोंड करून बसलेत. तात्या आहेत, मान खाली. त्यांच्या शेजारी ती. केवढीशी आहे. पुस्तकात मोठी वाटली होती. वेणी अर्धी सुटलेली. रागानं बघत नाही. वाट बघतेय फक्त, मी काय म्हणते त्याची—

भामा, मी वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. त्या एका ओळीतच कळलं होतं. एवढ्या वर्षांत तुझ्या बाजूनं कुणीतरी खरं बोललं, ती मी होते, आणि ते खोटं होतं असं सांगायला परत गेले तीही मीच. मला म्हाताऱ्याची दया आली. तुझी कधी आली नाही. तू मला पुस्तकातली वाट—

पाणी कमरेपर्यंत— टाइल्स कोरड्या, माधवीला कोरड्याच दिसतील— ती उठली. हात पुढं केलाय. मी