शंभर मीटर

९ मार्च १९९८
गुडगाव. मोटारीच्या सुट्या भागांचा कारखाना, संपाचा एकविसावा दिवस. कोर्टाचा हुकूम आहे — गेटपासून शंभर मीटर लांब बसा. म्हणून सगळे रस्त्यापलीकडे, बाभळीखाली.
फोटोत नुसतं झाड येत होतं. मी म्हटलं, दोन मिनिटं गेटसमोर या, कंपनीची पाटी दिसू दे. सात जण आले. मी नावं लिहून घेतली, डावीकडून.
युनियनचा सेक्रेटरी सतबीर. त्यानं विचारलं, तुमच्या पेपरात युनियन आहे का? म्हटलं, होती. कॉन्ट्रॅक्टवर घेतलं तेव्हा सोडायला लावली.
"तो मैडम, आपकी फोटो कौन खींचेगा?"
सगळे हसले. मीही.

१० मार्च
छापून आला. पान पाच, तळाला.

१६ मार्च
सातही जण बडतर्फ. हुकूम मोडून गेट अडवलं म्हणून. पुरावा — आमचं कात्रण. नोटिशीत नावं त्याच क्रमानं, डावीकडून. दोनदा ताडून पाहिलं. मग डबा उघडला. जेवले.

१७ मार्च
संपादकांना सांगितलं, खुलासा छापू या. त्यांनी विचारलं, एखादं नाव चुकलं का? नाही.
"मग खुलासा कशाचा?"

२३ मार्च
सतबीरचा फोन. एक तारखेला कोर्टात या. गेटसमोर तुम्ही बोलावलंत, एवढंच सांगा. सात नोकऱ्या त्यावर आहेत. हो म्हटलं. फार पटकन म्हटलं.

३० मार्च
माझं नवं कॉन्ट्रॅक्ट आलं. सोबत कोर्टात द्यायचं पत्र: 'फोटोसाठी कोणालाही जागेवरून हलवलेलं नाही.' आमच्या पेपरच्या मॅनेजरनं पेन पुढे केलं. एक सही हवी तर दोन्ही हव्यात, असं तो बोलला नाही. बोलावं लागलं नाही.
दोन्हीवर केल्या. येताना कोथिंबीर घेतली.

१ एप्रिल
गेले नाही. दिवसभर शेअरबाजाराचं पान लावलं.

२ एप्रिल
सतबीरचा फोन. आवाज नेहमीचाच.
"मैडम, आप आईं नहीं तो हमने जज साहब से कह दिया, बीमार हैं। पंद्रह तारीख मिल गई। आप आराम कीजिए।"
पत्राचं त्याला माहीत नाही. मी सांगितलं नाही.

३ एप्रिल
पंधरा तारखेची रजा टाकली. अर्जात कारणाचा रकाना असतो. लिहिलं — स्वतःच्या सहीविरुद्ध साक्ष.