मेट्रनबाईंचा अडकित्ता

रविवार, बरकतपुरा

आजच्या पेढ्यांची खरी किंमत म्हणजे माझा इतक्या वर्षांचा तोरा! लेकीला हॉस्टेल मिळालं, म्हणून बायकोच्या, सुनंदाच्या हॉस्टेलच्या काळातल्या मेट्रनबाईंना पेढे द्यायला गेलो. लेकीकडे आता कुणीही येऊन बसतं. आमच्या वेळी भेटीला रविवारी एकच तास, दार उघडं, आणि समोर या बाई सुपारी कातरत. त्यांची भाषा उर्दू, म्हणून आम्ही मराठीत बिनधास्त. पळून जाऊन लग्न करायचा बेतही तिथेच ठरला.

आज मी ऐटीत म्हणालो, "आपा, दो बातां सुने तो आदमी का जिला बता देतूं मैं."

अडकित्ता थांबला. "जावईबापू," बाई स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "मराठी मुलींच्या भेटीला मलाच बसवायचे, बोलणं कळावं म्हणून. पळायला अमावस्या धरली होती तुम्ही!"

यांनी वर एक शब्द कळवला असता, तर सासऱ्यांनी सुनंदाला त्याच दिवशी गावी नेलं असतं. का नाही कळवला? विचारण्याऐवजी मी पेढ्यांचा पुडा पुढे सरकवला.

अडकित्ता तेव्हाही मध्येच थांबायचा. मला ऐकू यायचं की!

निघताना कळलं, बाईंचं माहेर परभणी. माझाच जिल्हा.