घोयऱ्याच्या पिंजऱ्यात ऊब व ओलावा राखण्याबाबत

दि. ३ जानेवारी २००३

प्रति,
मा. वनक्षेत्रपाल साहेब,
वन विभाग कार्यालय.

अर्जदार : कान्हू नाथा घरत, वय ५९, मु. निडी, ता. रोहा, जि. रायगड.

विषय : आपल्या ताब्यातील घोयऱ्याचे पिल्लू थंडीने व कोरड्या हवेने मरू नये म्हणून करावयाची व्यवस्था.

संदर्भ : १) पंचनामा, दि. २४ डिसेंबर २००२. २) दि. ३० डिसेंबर रोजी मी केलेली तोंडी विनंती, ज्यावर "काका, लेखी द्या" असे सांगण्यात आले.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की,

१. मी पेणच्या खाडीकडे मिठागरात एकतीस वर्षे काम केले. मिठागर बंद पडल्यावर पत्नीच्या माहेरगावी, निडीला, येऊन राहिलो. माझी पत्नी हौसा ही दि. १२ डिसेंबर रोजी दम्याने वारली. आम्हाला मूलबाळ नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे, तरी लिहिण्यात चूक झाल्यास सांभाळून घ्यावे.

२. सदर प्राणी, म्हणजे रंग बदलणारा सरडा, ज्याला आम्ही घोयरा म्हणतो, तो श्रावणात पत्नीस कुंपणाच्या निरगुडीखाली सापडला. कावळ्याने टोचून टाकला होता. माझ्या करंगळीहून लहान होता. आमच्याकडे घोयरा दिसला की लोक दगड उचलतात. पत्नीने त्याला पदरात घालून घरात आणले. "चार दिवस ठेवते, जखम भरली की सोडीन," असे म्हणाली. जखम भरली तेव्हा ती स्वतः अंथरुणाला लागली होती. कायद्याने हा गुन्हा होतो हे आम्हाला माहीत नव्हते. गुन्हा धरायचा असेल तर माझ्या नावावर धरावा, तिच्या नावावर धरू नये.

३. त्याला ठेवण्याची रीत सर्व तिची आहे. कोंबड्यांचे जुने खुराडे घेऊन त्याला जुनी मच्छरदाणी लावली, कारण त्याला खेळती हवा लागते. ते पत्नीच्या खोलीत, चुलीच्या भिंतीला मागून टेकवून ठेवले. चूल पेटली की भिंत तापते. खुराड्याची एक बाजू ऊबदार व दुसरी थंड राहते, आणि मधल्या फांदीवरून त्याला पाहिजे तिकडे जाता येते. जाळीला आतून हाताची पालथी बाजू लावायची. हात सुखाने राहिला तर ठीक. हात काढावासा वाटला तर खुराडे वीतभर मागे घ्यायचे. वीज असेल तेव्हा चाळीसचा पिवळा दिवा बाहेरून, हातभर लांब. सकाळी तो काळपट दिसला व अंग चपटे करून उबेकडे वळला तर त्याला थंडी वाजते. फिकट पडून तोंड उघडे ठेवले तर उष्णता जास्त झाली आहे. हिरवा असला की त्याचे बरे चालले आहे.

४. ओलावा मोजायचे यंत्र आमच्याकडे नाही. मिठागरातल्या माणसाला ते लागत नाही. हवेत ओल आली की खडे मिठाला आधी कळते. पत्नीने चिंधीत मूठभर खडे मीठ बांधून ती पुरचुंडी खुराड्यात, पाणी उडणार नाही अशा कोपऱ्यात, टांगली. सकाळी ती दाबायची. आत खडे कुरकुरले तर हवा कोरडी आहे, पानांवर पाणी शिंपडायचे. बोटांना ओल लागली तर शिंपडायचे नाही. तो पानावरचे थेंब चाटून पितो. वाटीतले पाणी त्याला पाणी वाटतच नाही. दुपारपर्यंत पाने सुकलीच पाहिजेत, नाहीतर त्याच्या छातीत सर्दी भरते.

डॉक्टरांनी तिची खोली कोरडी ठेवायला सांगितली होती. मी म्हटले, खुराडे पडवीत नेतो. ती म्हणाली, "पडवीत वारा हाय. मला धाप लागली तर मी बोंबलेन. तो काय करील?" मी तिला रागाने बोललो. काय बोललो ते अर्जात लिहीत नाही. या शिंपडण्याने तिचा दमा वाढला का, असे मी नंतर डॉक्टरांना विचारले. ते नाही म्हणाले. मी दोनदा विचारले.

५. दसऱ्यानंतर तिला उठवेना. मी आयुष्यात कधी चूल पेटवली नव्हती. मिठागरावर सहा-सहा महिने राहायचो तेव्हाही भाकरी तिच्याच हातची. ती अंथरुणावरून म्हणायची, "अवो, चूल पेटवा पहिली. तो काळा पडलाय." मी धूर करायचो आणि ती खोकत खोकत हसायची. "मिठागरवाल्याला विस्तव जमत नाय," म्हणायची. मग जमले. मग म्हणायची, चूल पेटलीच हाय तर चहा ठेवा. चहा झाला की म्हणायची, विस्तव हाय तर भात टाका. भाताला पाणी किती, कालवणाला मीठ किती, सर्व तिने असे शिकवले. दर वेळी कारण घोयऱ्याचे असायचे.

हे तिने प्राण्यासाठी केले की माझ्यासाठी, ते मी तिला विचारले नाही. तेव्हा सुचले नाही.

६. आता पंचनाम्यात जे लिहिले आहे, की "सदर इसमाने प्राणी पूजेसाठी ठेवला", त्याबद्दल. ते खरे नाही. सुतकाचे दहा दिवस मेहुण्याच्या घरून जेवण येत होते, म्हणून माझी चूल बंद होती. खुराड्याचे विजेच्या दिव्यावर भागवत होतो. दहाव्या दिवशी संध्याकाळी वीज गेली व खुराड्याचे दार बांधायला मी विसरलो. आमच्याकडे त्या दिवशी मयताच्या दिव्याभोवती तांदळाचे पीठ पसरून वर पाटी थोडी फट ठेवून उपडी घालतात. सकाळी पिठात ज्याचे पाय उमटतील त्या जन्मी माणूस गेले असे धरतात. सकाळी मेहुण्याची बायको काशीबाई हिने पाटी उचलली. पिठात चिमट्यासारखी बारीक पावले होती, आणि दिव्याच्या खापराला चिकटून घोयरा बसला होता. ती ओरडली, "हौसा घोयरा झाली गो!"

मी सर्वांना सांगितले की भिंत थंड होती, म्हणून तो दिव्याच्या उबेला आला. कोणी ऐकले नाही. दोन दिवस बायका हळदकुंकू घेऊन येत होत्या. एकीने खुराड्यावर खण ठेवला. एकीने त्याच्यापुढे दूध ठेवले, ते मी काढून घेतले. काशीबाई मला म्हणाली, "दाजी, तिच्यावर आता तरी खेकसू नका." मग कोणीतरी आपल्या कार्यालयास कळवले व दि. २४ रोजी आपली माणसे आली. ती चांगली वागली. कायद्याप्रमाणे घेऊन गेली. त्याबद्दल तक्रार नाही.

७. दि. ३० रोजी मी त्याला पाहायला आलो. तो काचेच्या पेटीत आहे. वर झाकण आहे. सकाळी पेटी गार पडते आणि दुपारी खिडकीचे ऊन आले की भट्टी होते. आत पाणी भरलेली वाटी आहे. काचेत त्याला स्वतःचेच रूप दिसते आणि दुसरा घोयरा समजून तो अंग फुगवतो. तो काळा पडला होता. एक डोळा मिटलेला होता. आपल्या माणसांना सांगितले तर म्हणाले, "काका, वाटीत पाणी हाय की." साहेब रजेवरून आल्याशिवाय सोडता येत नाही, असेही सांगितले. बारनिशीच्या, म्हणजे आवक-जावकच्या, टेबलावर विचारले, "प्राणी तुमचा कोण लागतो?" काशीबाईच्या म्हणण्याप्रमाणे मी त्याचा नवरा लागतो. मी "कोणी नाही" असे लिहून दिले, आणि गाडीत बसल्यावर वाटले की तसे लिहायला नको होते.

८. तरी विनंती की,

अ) प्राणी मला परत द्यावा असे मी मागत नाही. त्याला सोडेपर्यंत माझ्या खुराड्यात ठेवावे. ते मी दि. ३० रोजीच आपल्या फाटकाशी ठेवून आलो आहे. मच्छरदाणी स्वच्छ धुतलेली आहे.

ब) आपल्याकडे चूल नाही हे मी पाहिले. दिवा चालेल, पण तो सारखा पुढेमागे करावा लागतो. त्यासाठी मला सकाळी व दुपारी एक-एक तास कार्यालयात बसू द्यावे. मी कोणाशी बोलणार नाही. येण्याजाण्याचे मी पाहीन.

क) सोडायचा दिवस ठरला की कळवावे. भर उन्हात, निरगुडीवर सोडावा. संध्याकाळी सोडू नये. आमचेच कुंपण असावे असा हट्ट नाही, परंतु ते मोकळे आहे. मी त्याला पुन्हा धरणार नाही.

त्याला नेल्यापासून आज अकरा दिवस माझी चूल पेटलेली नाही. जेवण काशीबाई पाठवते. आपण विचाराल की एकट्या माणसाने स्वतःसाठी चूल पेटवायला काय हरकत आहे. हरकत काही नाही. रोज सकाळी चुलीपुढे जाऊन बसतो. पण भिंतीमागे कोणी नाही हे माहीत असते, म्हणून उठतो.

तरी थंडी वाढण्याआधी या अर्जाचा विचार व्हावा.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र,
कान्हू नाथा घरत

सोबत :
१) मृत्यूच्या दाखल्याची नक्कल. दम्याने वारली हे त्यात आहे.
२) पाण्याचे दिवस व मिठाची ओल लिहिलेली वही. १९ ऑक्टोबरपासूनचे अक्षर माझे आहे, सांगणे तिचे.
३) खडे मिठाची पुरचुंडी, एक. रोज सकाळी वरूनच दाबून पाहावी. मीठ फार ओले झाले तर पुरचुंडी तशीच उन्हात ठेवावी, सुकते. काम झाल्यावर परत मिळावी. गाठ सोडू नये. ती तिने बांधलेली आहे.