शून्य अंशावरचं मेण

बाबा, तुमच्याशी शेवटचं भांडण करायचं राहून गेलं. तुम्ही गेलात त्याला पंधरा वर्षं होऊन गेली, तरी अजून आंघोळ करताना, एमआरटीच्या गाडीत उभी असताना मी मनातल्या मनात तुम्हाला उत्तरं देत असते. गेल्या रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला गेले होते. तिथे तुमचे जहाजावरचे मित्र, कॅप्टनकाका, भेटले. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून सगळं ओरडून बोलतात. माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझी आई बर्फावरची मोठी खेळाडू होणार होती हं! पण तुझे आजोबा सांगायचे, ऐन वेळी पोरीने कच खाल्ली." माझी मुलगी अकरा वर्षांची. तिने तिळाची वडी चघळत माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ममा, यू गिव्ह अप, इज इट?" मी हसले. काय करणार? त्या वयाच्या माणसाला चारचौघांत कुठे तोंडाला तोंड द्यायचं? पण घरी येऊन मी जेवले नाही, आणि आज सुट्टी टाकून हे लिहायला बसले आहे.

कच खाल्ली! माझी बारा वर्षं तुम्ही एवढ्यात गुंडाळून टाकलीत. मी दहा वर्षांची असताना तुम्ही नॉर्वेहून ती चाकांची स्की आणलीत. तुमचं जहाज तिथल्या गोदीत दुरुस्तीला लागलं होतं, आणि एका रविवारी तुम्ही म्हाताऱ्या बायकासुद्धा पायांना लांब पट्ट्या बांधून, दोन्ही हातांत काठ्या घेऊन बर्फातून टेकडी चढताना पाहिल्यात. इतर मुलींचे बाबा बंदराबंदरांतून बाहुल्या आणि चॉकलेटं आणायचे. तुम्ही हॉलमध्ये बॅग उघडलीत आणि त्यातून चाकं लावलेल्या दोन काळ्या पट्ट्या निघाल्या. "तिकडचे लोक उन्हाळ्यात यांच्यावर सराव करतात," तुम्ही म्हणालात. "आपल्याकडे बारा महिने उन्हाळा. म्हणजे आपला सराव बारा महिने." आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, पण बर्फ कुठाय?" तुम्ही तिच्याकडे असं बघितलंत की जणू तिने जहाजावर समुद्र कुठे आहे असं विचारलं.

मग रोज पहाटे पाच वाजता तळ्याकाठची वाट. तुम्ही जहाजावर असलात की बंदरातून फोन यायचा, आणि पुढे तुम्ही जहाजावरची इंजिनियरकी सोडून जहाजदुरुस्तीच्या यार्डात किनाऱ्यावरची नोकरी धरलीत तेव्हा तर सुटकाच नव्हती. मी चाकांवर, तुम्ही मागून सायकलवर, गळ्यात घड्याळ. व्यायाम करणाऱ्या चिनी आज्या हात हवेत तसेच ठेवून माझ्याकडे बघायच्या. हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांतला कॉफीवाला अंकल रोज एकच विनोद करायचा, "गर्ल, व्हेअर गॉट स्नो?" आणि तुम्ही रोज त्याला गंभीरपणे सांगायचात, "कमिंग, कमिंग." घामाने काठ्यांचे पट्टे हातांना चावायचे, तळहातांची सालं निघायची. त्याआधी, अंथरुणातून उठायच्याही आधी, तुम्ही माझं मनगट धरून नाडी मोजायचात आणि जहाजावरून आणलेल्या इंजिनरूमच्या लॉगबुकात लिहायचात. तेलाचा दाब, पाण्याचं तापमान अशा छापील रकान्यांत माझी नाडी, माझं वजन, माझी झोप. माझी पाळीसुद्धा तुम्ही तिथे एका लाल टिंबाने नोंदवायचात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा, सतरा वर्षांची होते, मैत्रिणीच्या वाढदिवसाला रात्री थांबू का म्हणून विचारलं. तुम्ही ताटावरून मान वरही केली नाहीत. "इंजिन मला कधी विचारत नाही, आज बंद राहू का म्हणून." मी तेव्हा उठून पहाटेचा गजर लावला. आज बोलते. मी इंजिन नव्हते, बाबा.

आणि तो स्वयंपाकघराचा ओटा! डिसेंबरात निघायच्या आधी तुम्ही ओट्यावर स्की शिकंज्यात आवळायचात आणि आईच्या कपड्यांच्या इस्त्रीने तिच्या तळाला मेण लावायचात. बाहेर बत्तीस अंश, पंखा बंद, कारण वाऱ्याने मेण लवकर थिजतं, आणि तुम्ही बनियनवर घाम गाळत उणे सहा अंशांच्या बर्फाचं मेण, उणे दहाचं मेण अशा वड्या लावून ठेवलेल्या. एकीकडे आमटीची फोडणी, एकीकडे त्या मेणाचा धूर. एकदा आईच्या पांढऱ्या ब्लाउजवर निळा पट्टा उमटला, आणि तिला त्याच दिवशी रॅफल्स प्लेसला बँकेत ऑडिटच्या मीटिंगला जायचं होतं. "या माणसाने घराचं इंजिनरूम करून टाकलंय," ती म्हणाली. तुम्ही हसलात सुद्धा. तेव्हा तुम्ही हसायचात, ते खरं आहे. मेणाच्या बाबतीत तुमचा हात कुणी धरू शकत नाही असं मला वाटायचं, आणि त्याहून जास्त तुम्हाला वाटायचं.

लोकांना वाटतं, बर्फावरचे हिवाळे म्हणजे काय मजा! डिसेंबर ते मार्च, फिनलंड, एस्टोनिया, कुठल्या कुठल्या गावांतल्या स्वस्त खोल्या. आपली बॅग नेहमी सर्वांत जड, कारण तुमचा राईस कुकर आणि मेतकुटाची बरणी. सकाळी डोळे उघडले की आधी मनगट, मग खिडकीबाहेर टांगलेला थर्मामीटर. मी वाटेवर जाऊन दोन-तीन जोड्या तपासून येते, तुम्ही खुणा करता, मी नाश्ता घशाखाली ढकलते, शर्यत होते, मी खालून चौथी किंवा पाचवी येते. मग हातमोजे हीटरवर वाळत, खिचडी, आणि पुढच्या गावाची बस. तिकडच्या मुली वयाच्या तिसऱ्या वर्षापासून बर्फावर. मी पहिल्यांदा खरा बर्फ पाहिला तेव्हा तेरा वर्षांची होते. लोक माझ्याबरोबर फोटो काढायचे, जसे जत्रेत दोन डोक्यांच्या वासराबरोबर काढतात. पासपोर्ट भारताचा, सराव विषुववृत्तावरच्या जुरोंगचा, शर्यतीच्या यादीत नावापुढे देश वाचला की निवेदक दोनदा बघायचा. तरी मी पुढे सरकत होते. बाविसाव्या वर्षी, दोन हजार सहाच्या जानेवारीत, मोठ्या हिवाळी स्पर्धांची पात्रता अगदी हाताशी आली होती. ठरलेला दर्जा गाठलेल्या पाच शर्यती व्हायला हव्या होत्या. चार झाल्या होत्या. पाचवी शेवटची संधी, पाच किलोमीटर, जुन्या पद्धतीची, म्हणजे दोन समांतर खोबणींतून पाय मागेपुढे टाकत जायची. तिच्यात पायाखालचं चिकट मेण हेच सगळं असतं. ते बर्फ धरतं म्हणून चढ चढता येतो.

आदल्या संध्याकाळी उणे पाच होतं, वाट कडक, काचेसारखी. तुम्ही क्लिस्टर लावलंत, ते ट्यूबमधून येणारं मधासारखं मेण. कडक जुन्या बर्फाला त्याच्याशिवाय इलाज नाही, हे तुमचं बरोबर होतं. पण सकाळी उठलो तर ढग खाली आलेले, पारा शून्यावर, आणि भुरभुर ओला बर्फ पडायला लागलेला. शून्य अंश आणि ताजा बर्फ म्हणजे मेण लावणाऱ्यांचा कर्दनकाळ. क्लिस्टरला तो नुसता चिकटत जातो आणि पायाखाली गोळे धरतात. शेजारच्या खोलीत एका एस्टोनियन मुलीची आई होती, तीच मुलीची स्की बघायची. ती दारात येऊन म्हणाली, "न्यू स्नो. यू चेंज." तुम्ही तिला खिडकीतला थर्मामीटर दाखवलात. "मॅडम, तासाभरात परत उणे दोन. मी वीस वर्षं हवेचे अंदाज वाचलेत." मी म्हणाले, "बाबा, एकदा बघू या ना." तुम्ही म्हणालात, "तू तुझ्या पायांचं बघ." आणि घड्याळ घेऊन तिसऱ्या किलोमीटरच्या चढावर जाऊन उभे राहिलात, मला वेळ ओरडून सांगायला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पारा शून्यावरच राहिला. दुसऱ्या वळणापर्यंत माझ्या पायांखाली विटेएवढे गोळे झाले. घसरायचं सोडाच, मी खडावा घालून चालावं तशी चालत होते. मागून सुटलेल्या मुली एक एक करून बाजूने निघून गेल्या. चढावर तुम्ही ओरडत होतात, "पाय ओढू नकोस! उचल! उचल!" मी शेवटची आले. तुम्ही धापा टाकत उतरलात, तेव्हा मी स्की काढून उलटी तुमच्या पायाशी टाकली. सगळा तळ बर्फाने लडबडलेला. तुम्ही खाली बसलात, हातमोजा काढून अंगठ्याने एक गोळा खरवडलात, आणि एक शब्द बोलला नाहीत. ना तिथे, ना बसमध्ये, ना विमानात. परत आल्यावर मंडळात कुणीतरी विचारलं, तेव्हा मी शेजारी भजी घेऊन उभी होते. तुम्ही म्हणालात, "शरीर तयार होतं हो. ऐन वेळी पोरीने कच खाल्ली." पडलं तरी नाक वर! प्लेट तिथेच ठेवून मी बाहेर गेले आणि इमारतीच्या खालच्या बाकावर बसून रडले. एकदा, फक्त एकदा, "मेण माझं चुकलं" म्हणाला असतात तर तुमचं काय गेलं असतं?

मी पुन्हा स्की पायात घातली नाही. परीक्षा दिल्या, आईसारखीच रॅफल्स प्लेसला आकडेमोडीत शिरले, सेरंगूनला वेगळी खोली घेतली. तुम्ही बुधवारी फोन करायचात. हवापाण्याचं झालं की विचारायचात, "सकाळची नाडी किती असते गं हल्ली?" मी म्हणायचे, "बघत नाही." दर बुधवारी हेच, साडेतीन वर्षं. मग एका मंगळवारी जुरोंग ईस्टच्या स्टेशनच्या जिन्यावर तुम्ही छाती धरून बसलात ते बसलातच. साठीसुद्धा झाली नव्हती.

एवढं सगळं ऐकवून झालं. आता राहिलेलं लिहिते, नाहीतर या कागदाला काही अर्थ नाही.

तुम्ही चढावर निघून गेलात तेव्हा सुटायला अजून पंचवीस मिनिटं होती. मी थोडं फिरून बघितलं, आणि पन्नास पावलांतच पहिला गोळा धरला. म्हणजे मला कळलं होतं. ती एस्टोनियन बाई कुंपणापाशी उभी राहून बघत होती. ती तिच्या मुलीची जोडी घेऊन आली. मुलगी तापाने खोलीत पडून होती, आमचं वजन सारखं, बूट अडकवायची कळ एकाच जातीची. त्या स्कीला पायाखाली मेण नव्हतंच, पॉलिश पेपरने घासून खरबरीत केलेली, असल्या हवेसाठीच ठेवलेली. "टेक," ती म्हणाली. "यू गो, यू गिव्ह बॅक." मी ती हातात घेतली होती, बाबा. तिचा तळ बोटांनी चाचपून बघितला होता. मग परत दिली. म्हटलं, "नो, थँक यू. माय फादर डझ माय स्कीज."

तिला वाटलं, मुलीचा बापावर केवढा विश्वास! तिने माझ्या गालाला हात लावला. विश्वास कसला? बारा वर्षांत तुम्ही एकदाही चुकला नव्हतात, आणि त्या सकाळी तुम्ही चुकला आहात हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या जोडीवर मी पात्र ठरले असते, तर तुम्ही तेही लॉगबुकात आपल्याच रकान्यात लिहिलं असतंत. मला पात्र नव्हतं व्हायचं. मला ती स्की तुमच्या पायाशी उलटी टाकायची होती. तेवढ्यासाठी मी ते गोळे पाच किलोमीटर ओढत आणले.

आईला मी त्याच आठवड्यात सांगितलं, बाबांनी हट्टाने चुकीचं मेण लावलं. त्या बाईबद्दल काही सांगितलं नाही. आई तुम्हाला म्हणाली, "पोरीचं आयुष्य तुम्ही ओट्यावर वितळवलंत," आणि त्यानंतर तुमच्याशी कामापुरतंच बोलायला लागली. मी रविवारी जेवायला यायचे तेव्हा बघायचे, तुम्ही आमटी मागायचात आणि ती भांडं न बोलता पुढे सरकवायची. मी एका वाक्यात ते थांबवू शकले असते. दर रविवारी मी खाली मान घालून जेवत राहिले.

हा कागद मी ठेवून देणार आहे. आईला दाखवणार नाही. ती बाहत्तर वर्षांची आहे, माझ्याकडेच असते, आणि तुमचा विषय निघाला की अजून तोंड फिरवते. मला त्याचं अजून बरं वाटतं.