हवेत सोडलेल्या गॅसबद्दल

मी, गल्लीतले फ्रिजवाले काका, वय एकाहत्तर, डोके ठिकाणावर, हात स्थिर, फक्त राग आवरत नाही अशा अवस्थेत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधी दुसरे केलेले नाही.

१. राहत्या दोन खोल्या मुलगा व सून यांना समान हक्काने. घरातला एसी मी काढला तेव्हा गल्ली म्हणाली, "म्हाताऱ्याला चळ लागला." पुन्हा बसवायचा की नाही, ते दोघांनी ठरवावे.

२. दुकानाबद्दल. तीस वर्षे मी दुरुस्तीआधी नळी कापून फ्रिजमधला गॅस हवेत सोडला. त्याने पृथ्वी तापते हे कळल्यावर गॅस ओढून घेणारे यंत्र आणले. जित्याची खोड म्हणतात, पण माझी जिवंतपणीच गेली. कामाला तासभर जास्त लागू लागला आणि गिऱ्हाइके पळाली. झाडे लावताना फोटो काढून घेणारे सोसायटीचे सेक्रेटरीही म्हणाले, "सोडून द्या हो काका, कोण बघतंय?" त्यांनी माझ्या मयताला येऊ नये. आलेच तर बोलू नये.

३. चार वर्षांत चार सिलिंडर भरले. ते कुठे द्यायचे, म्हणून सरकारी कार्यालयाला सहा पत्रे लिहिली. उत्तर दर वेळी एकच: अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे. मी आठ दिवस दवाखान्यात होतो, तेवढ्यात मुलाने तीन सिलिंडर मागच्या अंगणात मोकळे केले. जागा अडली होती म्हणे! चौथा सुरू असताना सूनबाई धावत आली आणि तिने व्हॉल्व्ह बंद केला. मी जाब विचारला तर चिरंजीव म्हणतात, "बाबा, तीन सिलिंडरांनी काय आभाळ कोसळणार होतं?" त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद आहे.

४. सबब दुकान, यंत्र, अवजारे आणि उरलेला अर्धा सिलिंडर एकट्या सूनबाईला. मुलाचा त्यावर काडीचाही हक्क नाही. सिलिंडर गॅस नष्ट करणाऱ्या कारखान्यात पोचवावा, कितीही लांब असला तरी.

५. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. नळी आधी कापायची, हे मुलाला मीच शिकवले. पहिल्याच दिवशी, कौतुकाने. नंतर मी बदललो, पण त्याला शेजारी बसवून का ते कधी सांगितले नाही, नुसता ओरडलो. सूनबाई, त्याला दुकानात कामावर घे आणि पहिल्यापासून शिकव. माझ्याच्याने आता होत नाही.

साक्षीदार: १. समोरचा इस्त्रीवाला २. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका
दोघांदेखत सही केली: फ्रिजवाले काका
ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: १४ मे